दौलत शिपायाची पहिली सही

कल्याणच्या मामलेदार कचेरीत दौलत चौदा वर्षं सरकारी कागद वाहत होता आणि त्यातला एकही त्याला वाचता येत नव्हता. कुठला कागद कुठल्या टेबलावर जायचा हे तो दोरीच्या रंगावरून आणि कारकुनाच्या चेहऱ्यावरून ओळखायचा. चूक कधी व्हायची नाही. चुका वाचता येणारे करायचे आणि बोलणी मात्र शिपायाला बसायची. अंगात खाकी कोट, छातीवर आडवा पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला, आणि पगार महागाई भत्ता धरून अडुसष्ट रुपये.

अडुसष्ट रुपयांत चार माणसांचं घर कसं चालतं, हे सरकारला कुणीतरी विचारायला हवं होतं. पण सरकार काही शिपायाच्या घरी जेवायला येत नाही. येतो तो मेव्हणा. दौलतचा मेव्हणा आनंदा शीळफाट्याच्या रस्त्याला नव्याने निघालेल्या तारेच्या कारखान्यात लागला होता. त्याला एकशेदहा मिळत, दिवाळीला बोनस निराळा. रविवारी यायचा तो पोरांना खाऊ घेऊन. तो गेला की दौलतच्या बायकोचं, रखमाबाईचं सुरू व्हायचं.

"पेन्शन म्हातारपणी मिळंल. पोरांना भूक आत्ता लागतीया," ती म्हणायची.

त्याच वर्षी मारुतीच्या देवळात प्रौढांचा साक्षरतेचा वर्ग निघाला. शिकवायला कचेरीतलेच अव्वल कारकून हरिहरपंत. दिवसभर ज्याला "अरे दौलत, पाणी आण" म्हणायचं, त्यालाच संध्याकाळी समोर बसवून ते बाराखडी गिरवायला लावायचे, आणि चुकला तर रागवायचे. सहा महिन्यांत दौलत पाट्या वाचू लागला, स्वतःचं नाव लिहू लागला. अकरा जणांच्या वर्गात त्याचंच अक्षर हरिहरपंत बाकीच्यांना दाखवत.

भाद्रपदात आनंदा निरोप घेऊन आला. कारखान्यात रात्रपाळी निघतेय, मुकादमाशी बोलणं झालंय, दाजींनी सोमवारपासून यावं. आठ दिवसांवर पितृपक्ष होता. त्या दिवसांत नवं काम धरायचं नाही, म्हणून रखमाबाईने घाई केली. शनिवारी दौलतने कचेरीबाहेरच्या अर्ज लिहिणाऱ्याकडून राजीनामा लिहून घेतला. लिहिणाऱ्याने सवयीने शाईची गादी पुढे केली, तर दौलतने ती परत सारली.

"अंगठा न्हाई. सही करनार."

पाच मिनिटं लागली, पण केली. जन्मातली पहिली सही, आणि ती कशावर, तर राजीनाम्यावर!

हरिहरपंतांनी कागद घेतला तेव्हा आधी त्यांचं लक्ष सहीकडे गेलं आणि चेहरा खुलला. मग त्यांनी वरचा मजकूर वाचला आणि चष्मा काढला.

"दौलत, राजीनामा दिला की मागची चौदा वर्षं पाण्यात. पेन्शनचा एक पैसा मिळणार नाही. हे ठाऊक आहे ना तुला?"

दौलतला ते ठाऊक नव्हतं. चौदा वर्षांची चौदा वर्षांपुरती पेन्शन मिळेलच, असा हिशेब त्याने मनाशी धरला होता. पण हाताला शाईचा वास ताजा होता, आणि सही करणाऱ्या माणसाने मला ठाऊक नव्हतं म्हणायचं म्हणजे नामुष्की.

"व्हय जी. ठाव हाय," तो म्हणाला.

रविवारी तो आनंदाबरोबर कारखाना बघायला गेला. फाटकापाशी पन्नासेक माणसं उभी होती. फाटकावर कागद चिकटवला होता. आनंदाला वाचता येत नव्हतं. दौलतने बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचलं. मालाला उठाव नसल्यामुळे रात्रपाळी रद्द. नवी भरती रद्द. दिवसपाळीचे खालील चाळीस कामगार कमी केले आहेत, त्यांनी आठवड्याचा पगार घेऊन जावा. सतरावं नाव आनंदाचं होतं. तेही दौलतनेच वाचलं.

घरी रखमाबाई ऐकून भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "उद्या पयलं जाऊन कागद मागून घ्या. पाया पडा. माझ्यामुळं झालं म्हना."

सोमवारी कचेरी उघडायच्या आधीच तो पायरीवर उभा होता. हरिहरपंतांनी सगळं ऐकून घेतलं.

"शनिवारीच मामलेदार रावसाहेबांनी शिफारस करून दिला. जावक क्रमांक पडला. ठाण्याच्या टपालपिशवीत आहे."

पिशवी टेबलावरच होती. तोंडाला लाखेचं सील. ती रोज ठाण्याला कलेक्टर कचेरीत कोण नेतो, हे दोघांनाही माहीत होतं. हरिहरपंतांनी मान वळवली आणि ते उगीच खिडकीतून वडाकडे बघत राहिले.

दौलतने पिशवी उचलली. चौदा वर्षं त्याने ती वाहिली होती, पण आज तिचं वजन खांद्याला कळत होतं. गाडीत ती मांडीवर घेऊन बसला. मुंब्र्यापर्यंत त्याने धीर धरला. कळव्याच्या खाडीवर गाडी आली, खाली भरतीचं पाणी दिसलं, आणि तो पिशवी घेऊन उठला. हिसका बसला, पिशवी पडली, असं सांगायचं. फार तर महिनाभर निलंबन. पोरं उपाशी मरण्यापेक्षा बरं. तो दारापर्यंत गेलासुद्धा. पण त्याच पिशवीत खडवलीच्या एका विधवेचा वारसनोंदीचा कागद होता, शनिवारी त्यानेच तो जावकेच्या टेबलावर नेला होता. तीन खेपा चालत आलेली ती बाई त्याने पाहिली होती, तिला पाणी दिलं होतं. खाडीचा पूल संपला. दौलत जागेवर येऊन बसला आणि स्वतःवरच मनातून चिडला.

ठाण्याला आस्थापनेच्या टेबलावर गोविंदराव होते. साऱ्या तालुक्यांच्या कचेऱ्या ज्यांच्या नावाने बोटं मोडत, ते हे गोविंदराव. कागद सरळ पुढे गेला तर त्यांना जेवण गोड लागायचं नाही. त्यांनी सील फोडलं, कागद चाळले, आणि राजीनाम्यापाशी थांबले. कपाटातून दौलतचं सेवापुस्तक काढलं. दौलत टेबलाच्या अलीकडे हात बांधून उभा होता. साहेबांची खोली चार पावलांवर. त्या पडद्याआड कागद गेला की संपलं.

"इथे अंगठा," गोविंदराव स्वतःशीच पुटपुटले. "आणि इथे सही. म्हणजे हा राजीनामा याच माणसाचा कशावरून?" मग मान वर करून दौलतला म्हणाले, "तू कोण रे?"

"कल्यानचा टपालवाला, साहेब."

नाव त्यांनी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. गोविंदरावांनी लाल शाईत शेरा मारला, सही पडताळून फेर सादर करावे, आणि कागद परत पिशवीत टाकला. चौदा वर्षं दौलत या लाल शाईला शिव्या घालत आला होता. आज त्या हाताला हात जोडावेसे वाटले.

चार वाजता तो कल्याणात पोचला. हरिहरपंतांनी शेरा दोनदा वाचला आणि दार लोटून घेतलं.

"हे बघ, दौलत. सही तुझी म्हणालास, तर मला तसं लिहून हा पुन्हा पाठवावा लागेल. राजीनामा मागे घेतल्याचा अर्ज सोबत देता येईल. पण मग साहेबांची मर्जी. याला कारखान्याची हाव सुटली होती म्हणाले, की झालं. तुझ्या पट्ट्यासाठी दहा जण टपलेत." त्यांनी शेऱ्यावर बोट ठेवलं. "आणि सही तुझी नाही म्हणालास, तर कुणा खोडसाळाने दिलेला कागद म्हणून हा इथेच दप्तरी लावता येईल. मला जे विचारायचं ते मी कचेरीचा माणूस म्हणून विचारतोय. दौलत धोंडीबा, तुला सही करता येते?"

समोर बसलेला माणूस अव्वल कारकून होता, आणि ज्याने सहा महिने बोट धरून अक्षर काढायला शिकवलं तो गुरुजीही तोच. दौलतला खोटं बोलण्याची सवय नव्हती. त्याला फाटकावरचा कागद आठवला, चाळीस नावं, आणि सतराव्या नावावर ठेवलेलं आपलं बोट.

"न्हाई येत, साहेब," तो म्हणाला. "मी अडानी मानूस."

हरिहरपंतांनी दौत उघडली. त्याचा तसा जबाब लिहिला. लिहून झाल्यावर त्यांनी शाईची गादी पुढे सरकवली, आणि दौलतने अंगठा टेकला. तो दाराशी गेला तेव्हा पंतांनी खणातून वर्गाची यादी काढली होती. अकरा साक्षर प्रौढांची ती यादी त्याच आठवड्यात वर पाठवायची होती. त्यांनी पट्टी ठेवून एक नाव खोडलं आणि खाली बेरीज दहा केली.

वर्गाला तो परत गेला नाही. आनंदा पुढे दोन वर्षं मिळेल ते काम करत फिरला, आणि रखमाबाईने पगाराची गोष्ट पुन्हा कधी काढली नाही. दर एक तारखेला दौलत पगारपत्रकावर अंगठा करायचा. रीतसर निवृत्त झाला, पेन्शन सुरू झाली, तिच्या कागदावरही त्याने अंगठाच केला. वर्तमानपत्र मात्र तो रोज वाचायचा, कचेरीत कुणी यायच्या आधी, दार लावून.