कावळ्यांना ओळखीचा माणूस

माझ्या चुलत बहिणीचे, सीतालक्ष्मीचे यजमान तुळजाजीराव यांनी उभी हयात तांबरमच्या हवाईतळावर कावळे हाकलण्यात घालवली. चेष्टा नाही, नोकरीच तशी होती. विमान उतरायच्या आत धावपट्टीवरची पाखरं उडवायची. फटाके वाजवायचे, आणि तरीही एखादं हललं नाही तर दोन्ही हात वर करून त्याच्या अंगावर धावून जायचं. विमानाच्या इंजिनात कावळा शिरला तर काय होतं हे त्यांनी एकदा पाहिलं होतं, त्याबद्दल ते बोलत नसत. मी रंगभूमीवर राजे केले, राक्षस केले, पण नुसत्या प्रवेशानं सगळं सभागृह उठून जावं असा दरारा मला कधी साधला नाही. यांना तो रोज साधे.

आमच्याकडे या तमिळ मुलखात शिजल्या भाताचा पहिला घास गच्चीवर कावळ्याला ठेवतात, मगच घरचे जेवतात. तंजावरहून आलेली आम्ही मराठी माणसंही तेच करतो. तळाभोवतीच्या गल्ल्यांत तुळजाजीराव सुट्टीच्या दिवशीही दारोदार फिरून सांगत, कावळ्यांना खायला घालू नका, वर आपलीच पोरं उडत असतात. बायका मान डोलवत, त्यांना कॉफी देत, आणि हळूहळू त्यांनी खरंच सोडलं. एका घरी मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. ते त्यांचं स्वतःचं. लेक ड्युटीवर गेला की आई गच्चीवर घास ठेवते, हे त्यांना ठाऊक होतं.

मग ते निवृत्त होऊन दिवसभर घरी राहू लागले, आणि गच्चीवर एकही कावळा उतरेनासा झाला. यांचा चेहरा कावळ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ओळखीचा. म्हातारी भाताची वाटी घेऊन ताटकळायची. एकदा म्हणाली, "पोरा, माझे पाहुणे उठवलेस रे तू." त्या पावसाळ्यात ती गेली.

दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला. समोरच्या ताडावर कावळ्यांची ही दाटी, पण सगळे नुसते तुळजाजीरावांकडे बघत बसले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. विधी पुरा झाला. तुळजाजीरावांचं समाधान झालं नाही. आई रागावून गेली, ही गोष्ट वर्षभर त्यांच्या मनातून हलली नाही. भक्तिभावाचा माणूस नव्हे, पण जेवताना मधेच हात थांबायचा.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा त्यांचा फोन आला. आमच्या मैलापूरचे कावळे कसे आहेत, असं विचारत होते. मी म्हटलं, देवळाजवळचे आहेत, सगळ्यांच्या घरी जेवतात, तुम्हाला ओळखत नाहीत. लगेच म्हणाले, मग तुमच्या गच्चीवर येतो.

विधी माझ्या घरी झाला. पिंड केळीच्या पानावर घेऊन आम्ही तिघं वर गेलो. सीतालक्ष्मीनं "का, का" अशी हाक घातली. टाकीवरून एक कावळा निमूटपणे पानाशी उतरला, आणि तुळजाजीरावांचे दोन्ही हात आपोआप वर गेले. कावळा गेला. ते आपल्या हातांकडे असे बघत राहिले, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत.

"पोदुम," ती म्हणाली, पुरे झालं. "हात खाली."

ते हातांवर बसले. साठी उलटलेला माणूस, सोवळ्यात, शिक्षा झालेल्या पोरासारखा. पुन्हा कावळा आला. या वेळी हात हलले नाहीत, पण तोंडातून "हुर्र" निघून गेलं.

सीतालक्ष्मी शांतपणे म्हणाली, "तुम्ही खाली जा. आईंना जेवू द्या."

ते जिन्यात गेले. त्यांची पाठ दिसेनाशी झाली मात्र, चार कावळे आले आणि पान साफ करून गेले. मी खाली डोकावलो. ते मधल्या पायरीवर भिंतीला टेकून बसले होते, डोळे मिटलेले.

"शिवला?"

"सगळं संपवलं," मी म्हटलं.

 ते सोवळ्याच्या टोकानं तोंड पुसत उठले.

"अण्णा, पुढच्या वर्षी पण इथंच येऊ. मी आधीच जिन्यात बसेन."