नव्या फरशा आणि माझा नॉनस्टिक तवा

नव्वदच्या दशकात आम्ही उत्तर जपानातल्या एका गावात राहायचो. इमारतीसमोर नव्याकोऱ्या फरशा बसवल्या होत्या. बर्फ ढकलायच्या यंत्राच्या पात्याला लोखंडी पट्टी लावायची की प्लास्टिकची, यावर रहिवाशांची सभा भरली. प्लास्टिक झिजतं म्हणून अध्यक्ष आजोबा लोखंडावर अडून बसले होते. बाकीचे नुसते माना डोलवत चहा पीत होते.

माझं डोकं फिरलं. तडक वर जाऊन मी माझा नॉनस्टिक तवा घेऊन आले. हौसेने पुण्याहून आणलेल्या त्या तव्यावरचं चिकटलेलं घावन नवऱ्याने स्टीलच्या उलथन्याने खरवडून काढलं होतं.

"पट्टी झिजली तर नवी लावू," मी मोडक्यातोडक्या जपानीत म्हणाले, "फरशीचं असं झालं तर काय करणार?"

तवा सगळ्यांच्या हातांतून फिरला. अध्यक्षांनी ओरखड्यांवरून बोट फिरवत हळूच विचारलं, "हे कोणी केलं?"

मी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. तो चहाच्या कपात डोकं घालून बसला होता.

प्लास्टिकची पट्टी एकमताने मंजूर झाली. त्या हिवाळ्यात बर्फ काढायची आमची पाळी आली, की अध्यक्ष स्वतः यंत्राची किल्ली घेऊन यायचे. दार नवरा उघडायचा, हातही पुढे करायचा. अध्यक्ष त्याला कमरेत वाकून नमस्कार करायचे आणि मी येईपर्यंत किल्ली मुठीत धरून उभे राहायचे.