बिनफोडणीचं घर

बुलढाण्याजवळच्या धाड गावातल्या एका गल्लीत तिन्हीसांजेला घराघरांतून जिऱ्या-मोहरीचा ठसका सुटायचा, फक्त वच्छलाबाईच्या घरातून नाही. तिच्याकडे वरण साधं, भाजी उकडलेली, तेल फार तर भाकरीसोबत कच्चं. नवरा कडूबा बिचारा शेतातून आला की मुकाट जेवायचा, आणि अगदीच जीभ चाळवली तर आपल्या भावाच्या घरी जाऊन बसायचा. कोणी विचारलं तर वच्छलाबाई म्हणायची, मला पित्त होतं. एरवी तिला खोटं बोलता यायचं नाही, पण हे एक खोटं तिने चांगलं मुरवलं होतं.

तशी बाई तिखट. बाजारात मापात मारणाऱ्या दुकानदाराची ती चारचौघांत अशी खरडपट्टी काढायची, की पुढच्या बाजाराला तो तिला पाहूनच माप शीग लावून भरायचा. पण हीच बाई भज्यांच्या दुकानाजवळ आली की नाकाला पदर लावून लांबून वळसा घालायची. त्याचं कारण म्हणजे तिच्या लेकीचा, कोकिळाचा, उजवा हात.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. हिवाळ्यात देवीचे डॉक्टर गावात आले. देवीची लस टोचण्याला तेव्हा देवी काढणं म्हणत, आणि ती टोचणाऱ्या माणसाला सगळा गाव डॉक्टरच म्हणायचा. बाया लेकरं कणगीमागे दडवायच्या. वच्छलाबाईने दडवलं नाही. देवीच्या साथीत तिची धाकटी बहीण गेली होती, आणि ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. दोन वर्षांच्या कोकिळाला कडेवर घेऊन ती स्वतःच्या पायांनी चावडीवर गेली. डॉक्टरने दंडावर टोचलं, पुढे तिथे फोड आले, भरले.

आता देवी साथीची असो की सुईची, बायांच्या लेखी ती देवीच. घरात आली म्हणजे तिचं सगळं पाळायचं. दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचा, आणि खपली पडेपर्यंत फोडणी नाही, तळण नाही. तेल तडतडलं की ते देवीच्या अंगावर उडतं. वच्छलाबाईने सगळं पाळलं, फक्त एक दिवस चुकली.

त्या दिवशी तिचा भाऊ उकंडराव चिखलीहून आला. तिच्या लग्नातल्या मानपानावरून रुसलेला हा भाऊ त्यानंतर पहिल्यांदाच बहिणीच्या दारात उभा होता. त्याला काय उकडलेलं वाढायचं? तिने मनातल्या मनात देवीची माफी मागितली आणि चुलीवर कढई ठेवली. भाऊ पोटभर पुऱ्या खाऊन, बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून गेला. माहेर परत मिळालं म्हणून वच्छलाबाई दिवसभर हवेत होती. दुसऱ्याच दिवशी कोकिळाला ताप भरला, मग झटके आले. ताप उतरला तेव्हा तिची उजवी बाजू लुळी पडली होती. पाय हळूहळू सावरला. हात ओल्या फडक्यासारखा लोंबतच राहिला.

पुऱ्यांचं वच्छलाबाई कोणाजवळ बोलली नाही, कडूबाजवळही नाही. कढई तेवढी तिने माळ्यावर टाकून दिली.

कोकिळा शाळेत जायला लागली. एकदा बुलढाण्याचे माणिकराव वकील कामानिमित्त गावात आले होते. ओट्यावर बसून डाव्या हाताने पाटी लिहिणारी पोर त्यांनी पाहिली आणि चौकशी केली. सगळं ऐकून त्यांनी कडूबाला बसवून सांगितलं, की सरकारच्या लसीने हात गेला असेल तर सरकारकडे नुकसानभरपाई मागता येते, आणि मला तुमची फी नको. कडूबा लगेच तयार झाला. एका हाताच्या पोरीचं पुढे कसं होणार, हा घोर त्याला रोजचाच होता.

वच्छलाबाईने मात्र भलतंच विचारलं. "वकीलसाहेब, दोष कोणाचा हे कोर्टात सांगतेत काय?"

"तेच तर कोर्टाचं काम आहे, बाई."

"मंग चला," ती म्हणाली.

भरपाई तिला नकोच होती असं नाही. पण इतकी वर्षं जे तिच्या मानगुटीवर बसलं होतं, त्याच्याबद्दल कोणीतरी मोठ्या माणसाने एकदाचं हो किंवा नाही म्हणावं, एवढ्यासाठी ती एसटीत बसली.

बुलढाण्याच्या कोर्टात सरकारी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, की लाखांत एखाद्या लेकराच्या मेंदूला लसीमुळे सूज येते आणि असा हात जातो. मग वच्छलाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. सरकारी वकिलाने विचारलं, जखमेवर शेण, राख असलं काही लावलं का? ती नाही म्हणाली. मग त्याने विचारलं, लेकराची निगा राखण्यात तुमच्याकडून काही कसूर झाली का? माणिकराव अर्धवट उठले, पण तेवढ्यात ती बोलून गेली होती.

"झाली, साहेब. घरात देवी असताना म्या पुऱ्या तळल्या."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. न्यायाधीश पुण्याकडचे, सभ्य माणूस. त्यांनी तिला धीर देऊन सगळं सांगायला लावलं. भावाचा रुसवा, कढई, दुसऱ्या दिवशीचा ताप, सगळं ती सांगत गेली. बाकावर बसलेली कोकिळा आईकडे टक लावून पाहत होती. कडूबाने मान खाली घातली. तोवर भराभरा लिहून घेणाऱ्या न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली होती. "याचा खटल्याशी संबंध नाही, बाई," ते मायेने म्हणाले आणि पुढचा प्रश्न घ्यायला सांगितला. वच्छलाबाई त्या खाली ठेवलेल्या लेखणीकडेच बघत राहिली.

निकाल लागला. हात लसीनेच गेला. आईने काही हयगय केली नाही. पण टोचणाऱ्याचीही हयगय नाही, आणि सरकारने हे काम लोकांच्या भल्यासाठी केलं, म्हणून भरपाई नाही. असला न्याय ऐकून माणसाने हसावं की कपाळ बडवून घ्यावं! माणिकराव वरच्या कोर्टाचं काहीतरी बोलत होते, पण त्यांचाच आवाज बसला होता. निघताना त्यांनी तेवढीच समजूत घातली, की तुमचा दोष नाही असं कोर्टाने साफ लिहिलं आहे.

एसटीत कडूबा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "कोकीची माय, आता तरी फोडणी देत जाय."

घरी येऊन वच्छलाबाई तशीच चुलीपुढे बसून राहिली. कोकिळा तिच्याजवळ येऊन टेकली.

"माय, तुहा दोष नाही म्हणे ना कोर्ट?"

"त्यायनं माही गोष्ट लिहूनच घेतली नाही, बाई. ते लिहिल्याबिगरच सोडलं मले. त्या सोडण्याचं मी काय करू?"

पोरीने जरा विचार केला. मग तिने असं विचारलं, जे कोर्टातही कोणाला सुचलं नव्हतं.

"त्या पुऱ्या मी बी खाल्ल्या होत्या काय?"

इतक्या वर्षांत वच्छलाबाईला कढई आठवली होती, ताप आठवला होता, हे कधी आठवलं नव्हतं.

"खाल्ल्या. मामाच्या मांडीवर बसून. उजव्या हातानं."

"मले याद नाही," कोकिळा म्हणाली. "मंग पुन्हा करून दे."

कडूबाने माळ्यावरची कढई काढून दिली. वच्छलाबाईने ती घासली, कणीक मळली. तेल तापलं तशी तिने पुरी सोडली, आणि पुरी टम्म फुगली. कोकिळा डाव्या हाताने फुंकर मारून मारून खात होती. वच्छलाबाई एकेक पुरी काढून तिच्या ताटात टाकत होती, आणि देवी पुन्हा आत येतेय का म्हणून सारखी दाराकडे बघत होती.