धुळ्याहून आणलेली टाकी

फैजपूरला नात्यातलं लग्न होतं. मोटारसायकल मी चालवत होते आणि बाबा मागे बसले होते. लांबचा रस्ता असला की गाडी माझ्याकडे आणि जळगावात असलो की त्यांच्याकडे, असं आमचं ठरलेलं आहे. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू झाल्या तेव्हा पेट्रोलचा वास आला. पुढे एक जुना ट्रक चालला होता, मला वाटलं त्याचाच असेल. मग उजव्या मांडीला एकदम गार लागलं. खाली पाहिलं तर सलवार ओली झाली होती.

मी गाडी कडेला घेतली. बागेच्या तोंडाशी एक शेतकरी घड उतरवत होता, तो तिथूनच ओरडला, "ओ बाई, बंद करा गाडी! पेट्रोल गयून राह्यलं न खाली!"

मी चावी फिरवली, कॉक बंद केला, पण गळती कॉकच्या वरूनच होती. टाकीच्या पोटातून थेंब तापलेल्या इंजिनवर पडत होते आणि प्रत्येक थेंबाबरोबर चर्र आवाज होत होता. बाबांचे गुडघे गेलेले. त्यांना पाय पलीकडे टाकून पटकन उतरताच येईना. तो शेतकरी धावत आला, त्याने बाबांना बगलेत हात घालून लहान पोरासारखं उचललं आणि दूर नेऊन बसवलं. परत येऊन त्याने ओली माती इंजिनखाली टाकली आणि मला म्हणाला, "लांब व्हा तुम्ही."

आग लागली नाही. एवढंच झालं. गाडी त्याच्याच केळीच्या टेम्पोतून घरी आली. लग्नाला आम्ही गेलोच नाही.

ही मोटारसायकल बाबांनी मी शाळेत असताना घेतलेली. ते विजेच्या खात्यात वायरमन होते. वादळ झालं की शिडी बांधून याच गाडीवर जायचे. निवृत्त झाले तरी गाडी राहिली, मुदत संपल्यावर पासिंगही नव्याने करून घेतलं. गुडघ्यांमुळे त्यांना किक मारता येत नाही, म्हणून रोज सकाळी पहूरची बस पकडण्याआधी मी किक मारून देते. तिथल्या आरोग्य केंद्रात मी औषधं देते. गाडी चालू झाली की बाबा सावकाश पिंप्राळ्यातून बुद्धविहारात जातात, मित्रांत बसतात आणि तिथलंच कुणीतरी किक मारून देतं की परत येतात. मामाची स्कूटर त्यांनी एकदा चालवून पाहिली आणि पहिल्याच वळणावर पडले. त्यांच्या अंगाला हीच गाडी ठाऊक आहे.

आमच्या गल्लीतल्या मेकॅनिकने टाकी उतरवली, उलटी केली आणि तळाला अंगठा दाबला. पत्रा पापडासारखा आत गेला.

"ताई, हिला झाळ मारून उपयोग नाही," तो म्हणाला. "एकीकडे बुजवली की दुसरीकडे फुटेल. आणि ही टाकी आता कंपनी बनवत नाही. नंतरच्या मॉडेलची मिळेल, पण ती बसली पाहिजे."

ती बसली नाही. जळगावच्या भंगार बाजारातून मी एक आणली. दिसायला सख्खी बहीण. मागचा बोल्ट बरोबर आला, पण पुढे फ्रेमवर ती सैल डुलत होती. बाबा गाडीवर बसले, हँडल पूर्ण वळवलं, तर ते टाकीवर ठक्क करून आपटलं. ते सावकाश उतरले. नंतर आणलेली दुसरी तर फ्रेमवर चढलीच नाही.

आई सुरुवातीपासून म्हणत होती, "भंगारात द्या. त्या दिवशी पेट घेतला असता म्हणजे?" तिचं चुकत नव्हतं. केळीच्या बागेजवळचा तो चर्र आवाज मला बसमध्येसुद्धा ऐकू यायचा, डोळा लागू द्यायचा नाही. पण बाबा ओट्यावरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. मी म्हणायची, "रिक्षा सांगू का विहारात जायला?" ते म्हणायचे, "पाहू." रिक्षात चढताना दोघांना धरावं लागतं, ते त्यांना नको असायचं. मित्र एक-दोनदा येऊन गेले. मग तेही कमी झालं. बाबा जेवायला आत यायचे आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसायचे.

आई ब्लाउज शिवते. एका संध्याकाळी तिने हातातलं काम बाजूला सारलं आणि जुनी टाकी ओढून स्वतःसमोर घेतली.

"तू दर वेळी 'अशीच दिसते' म्हणत एक टाकी उचलून आणतेस," ती मला म्हणाली. "दिसण्यावर कापड बेततं का कुणी? माप घेऊन जा."

तिने कापड बेतायचा खाकी कागद टाकीच्या पोटाखाली दाबून बसवला, नखाने कडा उमटवल्या, कात्रीने कापला. फ्रेमवर बसणारी खाच, पुढची रबरं बसतात ती जागा, मागची बोल्टची पट्टी, सगळं वेगवेगळं कापून तिने पुठ्ठ्यावर चिकटवलं. बाबा खुर्चीतून वळून बघत होते. "खाच जरा अजून खोल आहे," ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांनी गाडीबद्दल काही बोलून दाखवलं होतं.

जुन्या गाड्यांच्या एका ग्रुपवर धुळ्याच्या स्पेअर पार्टवाल्याने टाकीचा फोटो टाकला होता. रविवारी पुठ्ठे पिशवीत घालून मी बसने धुळ्याला गेले. त्याने टाकी काउंटरवर ठेवली आणि मी खाचेत पुठ्ठा घालून पाहिला. गेला नाही. उलटसुलट फिरवून पाहिला, तरी नाही. माझा चेहरा पाहून दुकानदाराने चहा मागवला.

"देवपुरात एक अक्का राहतात," तो जरा विचार करून म्हणाला. "त्यांचे मालक माझे जुने गिऱ्हाईक. वारले ते. तुमच्याच मॉडेलची एक जादा टाकी त्यांनी माझ्याकडूनच नेली होती. पण अक्का देतील असं नाही. दोघातिघांना दारातूनच परत पाठवलंय."

अक्का ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. मी टाकीचं नाव काढताच त्यांचा हात थांबला.

"दुकानवाली शे का तू?"

"नाही अक्का. घरच्या गाडीला पाहिजे. बाबांच्या."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. केळीची बाग, बाबांना उचलून नेणारा तो माणूस, गुडघे, ओट्यावरची खुर्ची. माझं संपल्यावर अक्का मेथी बाजूला ठेवून आत गेल्या आणि गोधडीत गुंडाळलेलं एक गाठोडं घेऊन आल्या. आत लालभडक टाकी होती.

एवढी वर्षं पडून राहिलेली टाकी म्हणजे आत गंजाचा चुरा असणार, असं धरूनच मी झाकणाच्या तोंडातून मोबाइलचा उजेड पाडला. आत पत्रा चकाकत होता. तेलाचा वास आला.

"त्यासनी सांगेल व्हतं," अक्का म्हणाल्या, "आतमा तेल टाकीसन हालावत ऱ्हाय, नहीत गंजी जाई."

म्हणजे मालक गेल्यावरही त्या टाकीत थोडं तेल ओतून, ती मांडीवर घेऊन, चारी बाजूंनी घोळवत राहिल्या होत्या. आणि गाडी? त्या लेकीकडे साक्रीला गेल्या असताना मुलांनी ती विकून टाकली होती. माळ्यावरच्या गोधडीत काय आहे हे मुलांना ठाऊक नव्हतं, म्हणून टाकी तेवढी राहिली.

"गाडी नव्हती, तरी तुम्ही टाकी हलवत होतात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

अक्का हसल्या. "मंग? सांगेल काम शे."

मी पुठ्ठे काढले. अक्कांनी टाकी उलटी धरली. खाचेत पुठ्ठा अलगद गेला आणि कडेला कुठे फट उरली नाही. रबरांची जागा जुळली. मागची पट्टी जुळली. मी दुसऱ्यांदा लावून पाहिलं, मग तिसऱ्यांदा, आणि तिथेच ओट्यावर बसून रडले. अक्कांनी मला पाणी दिलं, मग कळण्याची भाकरी आणि ठेचा. टाकीबद्दल काय देऊ असं विचारायला लागले तर त्यांनी ताटात अजून एक भाकरी वाढली. निघताना एवढंच म्हणाल्या, "गाडी चालू व्हयनी म्हंजे माले फोनवर ऐकाडजो."

बसमध्ये टाकी मांडीवर घेतली तेव्हा कंडक्टर चढ्या आवाजात म्हणाला, "ओ ताई, पेट्रोल चालणार नाही." मी झाकण उघडून त्याच्यापुढे धरलं. त्याने वाकून वास घेतला, आत पाहिलं आणि म्हणाला, "एवढी स्वच्छ तर माझ्या घरची घागरसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली. मेकॅनिकने आतलं तेल पेट्रोलने धुऊन काढलं, जुन्या टाकीचा कॉक नवीन वॉशर घालून बसवला, जुनंच झाकण लावलं. टाकी पुढच्या रबरांवर सरकवली आणि तळहाताने एक थाप दिली. ती बसली. बाबांनी हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवलं. कुठेही आपटलं नाही. पेट्रोल भरून आम्ही खाली कोरडं वर्तमानपत्र पसरलं आणि सगळे वाकून त्या कागदाकडे बघत बसलो. आईने टाकीखाली हात फिरवला आणि बोटं नाकाशी नेली. मग पदराला हात पुसत म्हणाली, "कोरडी आहे."

मी किक मारली. आधी नुसती खरखर, मग पांढरा धूर, मग गाडीने आवाज धरला. मी अक्कांना फोन लावला आणि सायलेन्सरजवळ धरला. थोड्या वेळाने कानाला लावला.

"अक्का?"

"हाऊच आवाज शे," त्या म्हणाल्या. "आते पेट्रोल नको जाळू फुकट. ठेव."

बाबा लाल टाकीची काळी गाडी घेऊन गल्लीच्या टोकाला वळले. रंगाचं काय करायचं हे विचारायचं राहूनच गेलं. दिवेलागण झाली तरी ते आले नाहीत. आईच्या दाराशी दोन-तीन खेपा झाल्या, मीही चप्पल घालून निघाले. तेवढ्यात गाडीचा आवाज आला.

"कुठे होतात?" आई चिडून म्हणाली.

"विहारात. बोलत बसलो," बाबा म्हणाले. "काय भाजी आहे?"

सकाळी मी पहूरच्या बसमध्ये बसले आणि खिडकीला डोकं टेकलं. जळगावच्या बाहेर पडल्याचं मला आठवत नाही. शेजारच्या बाईने खांदा हलवला तेव्हा बस पहूरच्या स्टँडवर उभी होती.