स्क्लेरोडर्माच्या ओपीडीतली शहाणी माणसं

अडाण्यांचे किस्से फार दिवस लक्षात राहत नाहीत. शहाण्यांचे मात्र साचत जातात, आणि आमच्या ओपीडीत शहाण्यांना तोटा नाही!

मी छातीची डॉक्टर. आठवडाभर अमरावती, शनिवारी अकोला. स्क्लेरोडर्माचे पेशंट सगळीकडे फिरून झाल्यावर माझ्याकडे येतात. या आजारात कातडी आवळते, गारठ्यात रक्तवाहिन्या आखडून बोटं पांढरी-निळी पडतात, आणि आतल्या आत फुफ्फुसं कडक होत जातात. कडक झालेलं फुफ्फुस पुन्हा मऊ होत नाही. वेळेत औषध दिलं तर उरलेलं वाचतं. म्हणून मला घाई असते. बाकी कोणालाच नसते.

*

अकोल्यातला मे महिना. एक नवरा बायकोला घेऊन आला. तिच्या बोटांच्या टोकांना जखमा. भर उन्हाळ्यात जखमा चिघळल्या कशा, मला कळेना.

"घरी गारठ्यापासून जपता ना?"

"जपतो म्हंजे! नवा कूलर घेतला मॅडम, सिधा तिच्याच अंगावर लावून देल्ला. आमी सारे गरमीत झोपतो, पन हवा तिले!"

धन्य ते प्रेम! बायको मान खाली घालून बोटांना फडकं गुंडाळत बसली होती. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

*

नांदगाव खंडेश्वरचे एक काका. बिडीने रक्तवाहिन्या आणखी आखडतात, हे त्यांना तीनदा बजावलं होतं. चौथ्या वेळी आले तर खिशात बंडल!

"काका, सोडली म्हणाला होतात ना?"

"सोडलीच जी! पेत नाई आता. बोटं गार पडले का पेटवतो अन् शेकून घेतो."

"मग धूर कुठे जातो?"

काकांनी बंडल खिशात आणखी खाली सरकवलं.

"आता पेटवलीच हाय, तं वाया कायले घालवा?"

*

पेशंटच असे असतात असं कोणी समजू नये. आमच्यात तर नग भरलेत!

शेंदूरजनाघाटच्या एका बाईंना सहा महिने कोरडा खोकला. नुसती सिरपं चालू. आवळलेली कातडी, पांढरी बोटं सगळं डोळ्यांसमोर, तरी सीटी स्कॅन नाही. त्यांच्या डॉक्टरांना मी फोन लावला.

"मॅडम, सीटी कशाला? छाती मी स्वतः ऐकली. एकदम क्लिअर!"

"पाठीकडून, खालच्या बाजूला ऐकलीत?" हा आजार तिथूनच सुरू होतो.

"लेडीज पेशंट मॅडम... पदरावरूनच ऐकली."

"मग पदर क्लिअर असेल!" म्हटलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सीटी केला. आजार सुरुवातीलाच सापडला, पण त्यात या महाशयांचं काही कर्तृत्व नाही.

*

अमरावतीच्या एक अंगणवाडी सेविका, संगीताताई. दोन पायऱ्या चढल्या की धाप. घरचे म्हणत, नाटकं करते. एका मोठ्या दवाखान्यातून वर्षभर घबराटीच्या गोळ्या चालू. का? तर फाइलीत दर भेटीला रक्तातला ऑक्सिजन ९८! इतका छान आकडा म्हटल्यावर फुफ्फुसं तपासतो कोण?

मला ते ९८ पटेना. मी स्वतः त्यांच्या बोटाला मशीन लावलं. बोट गार पडलेलं, रक्त पोचतच नव्हतं, आकडा येईना. मग कानाच्या पाळीला लावलं. ८३! पुन्हा लावलं, तरी ८३. सीटीत दोन्ही फुफ्फुसं खालून कडक झालेली. वर्षापूर्वी हे बरंचसं थांबवता आलं असतं. ते वर्ष आता कोणीही परत देणार नाही. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

त्यांच्या नवऱ्यासमोर मी फाइल आपटली. "भाऊ, हे ९८ आलं कुठून?"

"ते व्हय? हिच्या बोटावर मशीन काई दाखवेच ना मॅडम. अन् मांगं ही मोठी लाइन! मंग सिस्टर म्हने, 'भाऊ, तुमचं बोट द्या.'"

मी त्यांच्या बोटाकडे बघितलं. त्यांना वाटलं, मला खरं वाटत नाहीये.

"दर टाइमले मीच देल्लं," ते छाती काढून म्हणाले, "आपलं पक्कं ९८ येते!"