खाऱ्या मातीचं दुसरं वर्ष

भात संशोधन केंद्रात नोकरीला असताना मी ठाकुर्लीला राहायचे. खाडीचं पाणी शिरलेलं शेत पुन्हा कधी धड पिकतं, हे पाहण्याचं काम माझ्याकडे होतं. कोलशेतच्या एका मावशींनी त्यासाठी आपलं शेत दिलं होतं. मोठ्या भरतीला बांध फुटून त्यांचं पीक गेलं, त्याची भरपाई मिळाली. पुढच्या वर्षी बांध नीट होता, पाऊसही चांगला झाला, तरी रोपं करपली. त्या नुकसानीला मात्र नियमात जागाच नव्हती.

आम्ही भरपाई देणाऱ्या खात्याला अहवाल पाठवला. उत्तर आलं नाही. बऱ्याच महिन्यांनी ठाण्यातल्या एका बैठकीत मला थोडा वेळ मिळाला. मी आलेख दाखवले.

“बांध दुरुस्त झाला ना? मग दुसऱ्या वर्षी भरपाई कशाची?” तिथल्या अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यात खोच नव्हती; त्यांना खरंच प्रश्न पडला होता.

“मीठ मातीत राहतं, सर.”

“पण ते दाखवणार कसं?”

पुढच्या आठवड्यात मी भाताची रोपं लावलेले दोन ट्रे त्यांच्या केबिनमध्ये नेऊन ठेवले. एकात साधी माती, दुसऱ्यात मावशींच्या शेतातली. दोन्हींना नळाचंच पाणी घालायला सांगितलं. शिपायाने कपाळाला आठ्या घातल्या, पण साहेब स्वतःच पाणी घालू लागले.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. “मॅडम, तुमचा तो खाऱ्या मातीचा ट्रे गेला.” मग म्हणाले, “नियम बदलायचा मसुदा पाठवा.”

मसुदा टेबलांवरून फिरत राहिला. आम्ही बांध फुटल्यानंतरच्या तीन वर्षांची भरपाई मागितली होती. निर्णयात एक वर्ष उरलं. मला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं.

मावशींना सांगायला मी मुद्दाम कोलशेतला गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मना मिलंल का काय?”

“नाही मावशी. यापुढे ज्यांचं नुकसान होईल, त्यांनाच.”

त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी शेताकडे बोट केलं. मग म्हणाल्या, “तुमचा मिठातला भात हाय ना, त्याचा बियाना द्या.”

खारं सोसणाऱ्या त्या वाणाचं बियाणं मी पोचवलं. पीक बेताचंच आलं, पण आलं. घरचा तांदूळ झाला म्हणून त्यांनी मला जेवायला बोलावलं. भात जाडसर होता, कालवणाबरोबर चांगला लागला.