न पाहिलेलं नाशिक

भामरे सर कुणीही भेटलं की आधी त्याच्या पिशवीत डोकावत, मग नमस्कार करत. "वांगी बारडोलीकडची. मिरची मात्र आपल्या खान्देशातली, बाई!" सुरतेत गोडादऱ्याजवळच्या मराठी शाळेत ते भूगोल शिकवत, मी मराठी. "आधी पोट, मग नकाशा," असं ते येता-जाता म्हणत.

त्यांचा आवडता धडा नाशिकचा. समुद्र नाही, बंदर नाही, तरी द्राक्षं, कांदा, टोमॅटोच्या जोरावर फुगलेलं शहर. ते इतकं रंगवून सांगत की शेजारच्या वर्गातली माझी मुलं कविता सोडून तिकडे कान लावत.

नव्वदच्या दशकात एकदा तपासणी आली. कापडाच्या लूमवरच्या मराठी कामगारांची मुलं गुजराती शाळांकडे वळत होती. आमचे वर्ग राहतात की मोडतात, ते साहेबांच्या शेऱ्यावर होतं. सरांनी पटांगणात चुन्यानं अख्खा नाशिक जिल्हा आखला. एकेक मूल म्हणजे एकेक गाव. पिंपळगाव झालेली सातवीतली सविता कांदा घेऊन उभी होती.

"चल पिंपळगाव, माल नाशकात आण!" सर म्हणाले.

सविता हलेना. "तठे कशाला, सर? माझे आबा ट्रक चालवतात. पिंपळगावला भरतात, वणीवरून सापुतारा उतरतात, की आलं सुरत. नाशिक रस्त्यात लागतच नाही!"

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी पुस्तक उघडलं. "इथे तर बाण नाशिककडे दाखवलाय."

"साहेब, पुस्तक एकदाच छापतात. हिचे आबा आठवड्यातून दोनदा जातात," सर म्हणाले आणि चुन्याची बादली सविताच्या हाती दिली. तिनं थेट सरांच्या चपलांवरून रस्ता ओढला.

साहेबांना हसू आवरेना. "गुरुजी, तुम्ही नाशिकला शेवटचे कधी गेला होतात?"

सर कानापर्यंत लाल झाले. "गेलेलोच नाही, साहेब. नंदुरबारहून गाडीत बसलो, तो इथेच उतरलो."

वर्ग राहिले. दिवाळीच्या सुट्टीत सर सविताच्या आबांच्या ट्रकमधून पिंपळगाव, नाशिक पाहून आले. सापुताऱ्याच्या घाटानं पोट रिकामं करूनच सोडलं म्हणे. शाळा उघडल्यावर त्यांनी फळा पुसला.

"पोरांनो, इतकी वर्षं मी शिकवलं त्यातलं अर्धं चूक होतं. वह्या काढा."

"सर, मग परीक्षेत कोणतं लिहायचं?" मागून कुणीतरी विचारलं.

सरांनी खडू उचलला. "परीक्षेत पुस्तकातलं लिहा. कांदा आणायचा असेल, तर सविताला विचारा."